केदारखेड्याची पाटी

तीर्थपुरीच्या द्वारकाबाईंनी लग्न झाल्यापासून केळं कधी मागून खाल्लं नव्हतं. आवडत नव्हतं असं नाही, समोर आलं तर सालासकट खातील की काय असं वाटावं. पण मागायचं कसं? नवऱ्याचं नाव केशव. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे तर गावातल्या सगळ्याच बायका पाळत, पण द्वारकाबाईंची सासू इतरांच्या एक पाऊल पुढची होती. तिनं नव्या नवरीला चुलीपाशी बसवून बजावलं होतं, की नाव तर नाहीच, नावाचं तोंड, म्हणजे पहिलं अक्षरसुद्धा आपल्या तोंडात येऊ द्यायचं नाही. आलं, की नवऱ्याचं आयुष्य घटतं. सासू जाऊन किती तरी वर्षं झाली, पण द्वारकाबाई अजून केरसुणीला झाडणी म्हणत, केसांना डोईवरचं म्हणत, आणि बाजारात फळवाल्यासमोर उभ्या राहून 'ते सोलायचं द्या' म्हणत. फळवाला कधी केळी देई, कधी मोसंबी. त्या मुकाट्यानं मोसंबी घेऊन घरी येत.

हे सगळं निभून गेलं असतं. पण लेकीला, उमाला, स्थळ सांगून आलं ते नेमकं भोकरदनकडच्या केदारखेड्याचं. मुलगा चांगला, घरची जमीन, विहिरीला पाणी. द्वारकाबाईंनी मुलगा पितो का, सासू कशी आहे, सगळं खोदून विचारलं आणि शेवटी हळूच विचारलं, की गावाला दुसरं काही नाव आहे का. नव्हतं. लग्न झालं, आणि द्वारकाबाईंच्या तोंडी त्या गावाचं नाव 'लेकीचं गाव' असं पडलं. तीर्थपुरीत ते चाले, कारण कुणाची लेक कुठं दिली हे तीर्थपुरीत सगळ्यांना ठाऊक असतं. सरकारी मोटारीच्या कंडक्टरला ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

मागल्या वर्षी उमाच्या थोरल्याचं जावळ काढायचं होतं. केशव शिंपी लग्नसराईच्या कपड्यांत बुडालेला, म्हणून द्वारकाबाई निघाल्या. जालन्यापर्यंत सोबत होती. जालन्याच्या मोटारस्टँडवर सोबत सुटली आणि गयासोद्दीन नावाच्या कंडक्टरशी गाठ पडली. कुठं जायचं, असं त्यानं विचारलं. लेकीच्या गावाला. गावाचं नाव? द्वारकाबाईंनी बराच विचार करून अर्धं सांगितलं: खेडा. कोणता खेडा, तर ज्याची सुरुवात ह्यांच्यावानी होते तो. हे कोण, तर उमाचे वडील. त्यांचं नाव काय? द्वारकाबाई पदर सावरून पलीकडच्या लिंबाकडे बघू लागल्या. गयासोद्दीन भला माणूस. त्यानं आपल्याला ठाऊक असलेले सगळे खेडे एकेक करून म्हणायला सुरुवात केली. पण ड्रायव्हर भोंगा वाजवत होता, मागची माणसं रेटत होती, आणि 'पिंपळखेडा' म्हटल्यावर द्वारकाबाईंनी गोंधळून मान डोलावली. या बाईच्या नवऱ्याचं नाव पिंपळ कसं, याचं गयासोद्दीनला नवल वाटलं असेल; पण त्यानं तिकीट फाडलं.

पिंपळखेड्याची माणसं चांगली निघाली. त्यांनी द्वारकाबाईंना ठेवून घेतलं, पिठलं-भाकरी वाढली आणि दुसऱ्या दिवशी परतीच्या मोटारीत बसवून दिलं. केदारखेड्यात जावळ आजीवाचून झालं. उमा फार रडली, असं मागाहून कळलं. तेव्हा मात्र द्वारकाबाई घराच्या मागल्या दारी जाऊन बसल्या आणि पोटभर रडल्या.

केशव शिंप्याचं मशीन बाजारपेठेत एका कापडदुकानाच्या ओट्यावर असे. माप घेताना गिऱ्हाईक हलू नये म्हणून त्याला गोष्ट सांगायची केशवला सवय होती, आणि त्या वर्षी त्याच्याकडे गोष्ट एकच होती. ती मापागणिक वाढत गेली. दसऱ्यापर्यंत गोष्टीतल्या द्वारकाबाई पिंपळखेड्यात कुणाच्या तरी लग्नात वरमाय म्हणून मिरवून, आहेर घेऊन आल्या होत्या. एक गोष्ट मात्र तो सांगत नसे. बायको कुठं जाऊन पडली होती हे ऐकलं त्या दिवशी त्याच्या हातून बंडी एका बाजूनं आखूड कापली गेली. ती बंडी अजून कुणाच्या तरी अंगावर तशीच हिंडत होती.

अशात गावात बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग निघाला आणि पहिलं नाव द्वारकाबाईंनी दिलं. त्यांचं गणित सरळ होतं. पाटी वाचता आली तर विचारावं लागणार नाही, विचारावं लागलं नाही तर नाव घ्यावं लागणार नाही. पूर्वी निजामाच्या वेळी मोटारींच्या पाट्या उर्दूत असायच्या, आता त्या बाळबोध अक्षरांत झाल्या होत्या. उमाला पुन्हा दिवस होते. दुसरं बाळंतपण सासरीच व्हायचं, आणि फाल्गुनात बारसं. जावळ हुकलं होतं, बारसं हुकवायचं नाही, आणि आपल्या पायांनी जायचं, हे द्वारकाबाईंनी मनाशी पक्कं ठरवलं. केशव म्हणाला, "मी नेतो की." पण हा 'नेतो' कुठला, ते त्या ओळखून होत्या. गिऱ्हाइकांना 'उद्या देतो' म्हणायचा, त्यातलाच तो.

वर्ग भरायचा दुपारी, जेवणं-भांडी आटोपल्यावर, चावडीमागच्या खोलीत. शिकवायला सरोजिनीबाई म्हणून एक बिनलग्नाची, तरतरीत मुलगी औरंगाबादेहून शिकून आलेली. तिचं पातळ इतक्या कडक इस्त्रीचं असे, की ती बसली की त्याचा आवाज येई. तिचं सांगणं असं, की अक्षर म्हणजे आवाजाचं चित्र. आधी कानानं ऐकायचं, मग तोंडानं म्हणायचं, मग डोळ्यांनी बघायचं, आणि सगळ्यांत शेवटी हातानं काढायचं. तोंडातून निघाल्याशिवाय अक्षर डोक्यात राहत नाही. म्हणून पहिले काही दिवस तिनं पाटी-पेन्सिल दिलीच नाही, नुसत्या टाळ्या वाजवायला लावल्या. द्वा-र-का. सा-ळू. मै-मू-ना. नुसतं टाळ्या पिटायला घरची कामं टाकून यायचं का, असं साळूबाई म्हणाली. पण आपल्या नावाचे असे तुकडे पडतात आणि ते पुन्हा जोडता येतात, याची बायकांना हळूहळू गंमत वाटायला लागली. द्वारकाबाई तर घरी भाकरी थापतानाही शब्द फोडत बसत.

वर्ग तसा नमुनेदारच होता. लतीफ सायकलवाल्याची मैमूना लहानपणी अरबी वाचायला शिकलेली, त्यामुळे ती पुस्तक मागच्या बाजूनं उघडी आणि बोट उजवीकडून डावीकडे चालवी. तिचं बोट आणि साळूबाईचं बोट दर ओळीत मध्येच एकमेकींना भेटत. पुस्तकात 'मी पाणी आणत नाही' असं छापलेलं असे, आणि नंदाबाई अक्षरांवर बोट ठेवून ठसक्यात वाची, 'म्या पानी आनत न्हाई'. सरोजिनीबाईनं सुधारलं, की नंदाबाई म्हणे, तेच तर वाचून राह्यले. सरोजिनीबाई आधी चिडली, मग तिच्या लक्षात आलं, की ही बाई नुसती अक्षरं ओढत नाही, कळून वाचते आहे. त्यानंतर तिनं तो 'न्हाई' निमूटपणे चालवून घेतला.

बाराखडीशी मात्र गाडं अडलं. वर्ग एका सुरात म्हणायला लागला, की त्या सुरात भोकं पडायची. क, का, कि, की, कु, कू पर्यंत द्वारकाबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर, आणि 'के' आला की गप्प. 'पु' आला की साळूबाई ओठ मिटून घेई. 'ल'ची सगळीच बाराखडी मैमूना छताकडे बघत काढी. सरोजिनीबाईनं पाठीमागून हळू बोलून कान तपासले. कान शाबूत होते. तेव्हा दोष जिभेत असणार, असं ठरवून तिनं वेखंड आणलं. लहान मुलाची बोबडी वळू नये म्हणून जिभेला चाटवतात, तसं तिनं ते उगाळून एकेकीला चाटवलं. द्वारकाबाईंनी वेखंड तोंड वाकडं न करता चाटलं, चांगलं आहे म्हणाल्या, आणि 'के' म्हणायच्या वेळी पुन्हा मांडीवरच्या पाटीकडे बघत बसल्या.

शेवटी नंदाबाईला दया आली. ती सरोजिनीबाईच्या कानाशी लागली आणि कुणाच्या नवऱ्याचं नाव काय, ते तिनं सांगून टाकलं. साळूबाईचे पुंजाराम, मैमूनाचे लतीफ, द्वारकाबाईंचे केशवराव. नंदाबाई स्वतः विधवा होती, तिला सगळी अक्षरं मोकळी होती, आणि हे सांगताना ती हसत होती पण तिचे डोळे हसत नव्हते.

सरोजिनीबाईनं कपाळाला हात लावला. तिची आईही नवऱ्याचं नाव घेत नसे, पण म्हणून आईनं केळी कधी सोडली नव्हती. तिनं खुर्ची पुढं ओढली आणि शक्य तितक्या शांतपणे सांगितलं, "द्वारकाबाई, 'के' म्हणजे कुणी माणूस नाही. तो नुसता आवाज आहे. एकट्या आवाजाला काही अर्थ नसतो."

"नुसता आवाज हाय," द्वारकाबाई म्हणाल्या, "तर मंग तुम्ही त्याच्यापायी एवढा जीव काहून टाकून राह्यल्या, बाई?"

 त्यावरून वर्गात वाद पेटला. नावाचा केवढा तुकडा पडला की माणूस त्यातून निघून जातो? साळूबाईचं म्हणणं, अर्ध्यापर्यंत माणूस असतो. मैमूना म्हणाली, पहिल्या तुकड्यात तर बिलकुल असतो, कारण हाक मारताना माणूस पहिल्यालाच वळून बघतो. साळूबाईनं मग द्वारकाबाईंनाच धरलं, की सैपाक केला म्हणतेस तेव्हा ते कुठं जातं? द्वारकाबाई म्हणाल्या, मी 'क्येला' म्हणते. वर्गानं ते दोन्ही बाजूंनी तपासून पाहिलं आणि 'क्ये' निर्दोष ठरवला. औरंगाबादेच्या शिक्षणात सरोजिनीबाईनं आवाजांवर इतकी बारीक चर्चा ऐकली नव्हती. तिनं शेवटचा उपाय म्हणून मनातल्या मनात वाचायला सांगितलं. द्वारकाबाईंनी प्रामाणिकपणे करून बघितलं, पण नवशिक्याचं मन मुकाट वाचत नाही, त्याचे ओठ हलतातच. आणि मनात म्हटलं तरी म्हटलंच की, असं म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं.

असे पौषापर्यंत दिवस गेले. द्वारकाबाईंना आता अंबड वाचता येई, जालना वाचता येई, 'खेडा'सुद्धा येई. लेकीच्या गावाचं पहिलं अक्षर तेवढं आंधळं होतं.  आपण सगळं जग वाचू आणि लेकीचं दार तेवढं वाचता येणार नाही, अशी त्यांना भीती वाटे, आणि रात्री नवरा घोरायला लागला की त्याच्याकडे बघून त्यांना रागही येई आणि मायाही.

संक्रांतीनंतर नंदाबाईच्या जावेकडे हळदीकुंकू होतं. सरोजिनीबाईही गेली. तिळगूळ झाले, वाण झालं, आणि बायका नाव घ्या, नाव घ्या म्हणून द्वारकाबाईंच्या मागं लागल्या. द्वारकाबाईंनी लाजून पदर दातात धरला, आढेवेढे घेतले आणि मग खणखणीत आवाजात म्हटलं:

"सुईच्या मागं दोरा, दोऱ्याला गाव ना ठाव,
टाक्याटाक्याला आठवतात केशवराव."

सरोजिनीबाईच्या हातातला तिळगूळ हातातच राहिला. तिनं द्वारकाबाईंना कोपऱ्यात गाठलं आणि आता कसं घेतलं, म्हणून जवळजवळ दरडावून विचारलं. द्वारकाबाईंना या शिकलेल्या मुलीची कीव आली.

"उखान्यात चालतं की, बाई. चौफेर शब्दांचं कुंपण असतंय ना. मंग दोष लागत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सरोजिनीबाईनं वर्गात जाहीर केलं, की जिला ज्या अक्षराची अडचण, तिनं ते उखाण्यात घ्यायचं. बायकांनी यावर थोडा विचार केला आणि यात गैर काही नाही असं ठरलं. उखाण्यात नाव चालतं, तर नावाचं अक्षर का चालू नये? त्या दिवसापासून बाराखडी पुढं सरकायला लागली, पण बैलगाडीच्या चालीनं. क, का, कि, की, कु, कू झालं की सगळा वर्ग थांबायचा, द्वारकाबाई उठून उभ्या राहायच्या, पदर सारखा करायच्या, सुई-दोरा म्हणायच्या, 'केशवराव' म्हणायच्या आणि लगेच त्या धक्क्यातच 'के' म्हणून खाली बसायच्या. मग सगळा वर्ग 'कै' म्हणायचा. साळूबाईनं आपला उखाणा स्वतःच रचला:

"उन्हात मी निंदते, अंगाला येतो घाम,
झाडाखाली घोरतात आमचे पुंजाराम."

मैमूनाकडे उखाण्याची रीत नव्हती. तिनं दोन दिवस मागून घेतले आणि आपल्या बोलीत एक करून आणला:

"पांव में मेरे कांटा, किस्कू बोलूं तकलीफ,
पान की दुकान पे बातां करते लतीफ."

वर्ग इतका हसला, की चावडीतली माणसं खिडकीशी आली. तेव्हापासून खिडकीशी रोज कुणी ना कुणी असे. एकदा खुद्द पुंजाराम तिथं सापडला आणि खोकत खोकत निघून गेला. केशवच्या ओट्यावर बातम्या पोचत. गिऱ्हाइकं म्हणत, काय केशवराव, तुमचं नाव रोज घेऊन राह्यल्या म्हणे घरच्या. केशव पिंपळखेड्याची गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबे. लग्नात बायकोनं त्याचं नाव घेतलं होतं खरं, पण वाजंत्र्यांच्या गोंगाटात त्याला ते ऐकूच आलं नव्हतं, आणि त्यानंतर त्याच्या कानावर कधी पडलं नव्हतं. बायकांच्या समारंभात पुरुष कुठून जाणार? एका रात्री जेवताना त्यानं ताटाकडे बघत विचारलं, की वर्गात म्हणता तरी काय. द्वारकाबाई म्हणाल्या, अभ्यास असतो. 

फाल्गुनात निरोप आला. मुलगी झाली, बारसं अमुक दिवशी. केशवनं ओट्यावरच्या कापडांच्या ढिगाकडे बोट दाखवलं आणि परवा जाऊ म्हणाला. बारसं उद्यावर होतं. द्वारकाबाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी केशवनंच उरल्या तुकड्यांतून शिवलेली कुंची आणि टोपडी गाठोड्यात बांधली आणि उद्या सकाळच्या मोटारीनं जाते म्हणून सांगून टाकलं. केशवनं थांब म्हटलं नाही. सकाळी त्या उठल्या तेव्हा तो घरात नव्हता. रुसून ओट्यावर जाऊन बसला असेल, असं धरून त्या निघाल्या, पण मोटारीत बसल्यावर त्यांना वाईट वाटलं.

जालन्याच्या स्टँडवर मोटारी ओळीनं उभ्या होत्या. द्वारकाबाई एका टोकापासून सुरू झाल्या. पहिल्या मोटारीसमोर उभ्या राहून त्यांनी बोटानं हवेत अक्षरं गिरवत वाचलं: अं-ब-ड. नको. दुसरी: दे-ऊ-ळ-गा-व. त्यांना इतका आनंद झाला, की ती मोटार आपली नाही हे क्षणभर विसरायला झालं. तिसरीवर पिंपळखेडा होतं. ते त्यांनी पूर्ण वाचलं, पुन्हा एकदा वाचलं आणि तिला मनातल्या मनात दोन शब्द सुनावून पुढं गेल्या.

शेवटची मोटार सुरू होऊन धडधडत होती. पाटीवर पाच अक्षरं. शेवटचा खेडा ओळखीचा. मधलं 'दार' लागलं. पहिल्या अक्षराच्या डोक्यावर तिरपी रेघ होती. द्वारकाबाईंनी मनात वाचून बघितलं, ओठ हलले आणि थांबले. नुसत्या दारखेड्यावर भरवसा ठेवून बसायचं? मागल्या वर्षी अर्ध्या नावानंच घात केला होता. संध्याकाळी नातीच्या कानात नाव पडायचं होतं. ड्रायव्हरनं भोंगा दिला. द्वारकाबाईंनी गाठोडं खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि वर्गात म्हणत तशा खणखणीत आवाजात, भर स्टँडवर, मोटारीच्या पाटीकडे तोंड करून म्हटलं:

"सुईच्या मागं दोरा, दोऱ्याला गाव ना ठाव,
टाक्याटाक्याला आठवतात केशवराव."

चहावाल्याची किटली हवेत राहिली. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. ड्रायव्हरनं भोंग्यावरचा हात काढला. द्वारकाबाईंचं कुणाकडे लक्ष नव्हतं. तो धक्का जिरायच्या आत त्यांनी वाचून टाकलं, "के. दा. र. खे. डा." आणि मग सगळं जोडून, एका दमात, "केदारखेडा." कुणी तरी वा म्हटलं. द्वारकाबाई गाठोडं उचलून मोटारीत चढल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की दारातल्या माणसांनी आपण होऊन वाट दिली.

कंडक्टर गयासोद्दीनच होता. त्यानं त्यांना ओळखलं आणि जरा जपूनच विचारलं, "मावशी, कुठं?"

"पाटीवर लिव्हलंय की," द्वारकाबाई म्हणाल्या. "वाचा."

मोटार हसली. गयासोद्दीनही हसला आणि तिकीट फाडून मागं सरकला. सगळ्यांत मागच्या बाकावर एक माणूस डोक्यावरून तोंडावर उपरणं ओढून कोपऱ्याला टेकला होता. गयासोद्दीननं त्याला हलवून कुठं जायचं म्हणून विचारलं. उपरण्याच्या आतून आवाज आला, की ती बाई जिथं जाते तिथं.

द्वारकाबाईंनी तो आवाज ओळखला आणि मागं वळून पाहिलं. उपरण्याला त्यांच्या हातची किनार होती. त्या कंडक्टरला म्हणाल्या, "त्यांचंबी माझ्याकडूनच घ्या. आणखी एक द्या."

गयासोद्दीननं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा उपरण्याकडे पाहिलं, आणि वर्षभराचं कोडं सुटल्यासारखा त्याचा चेहरा उजळला. "अच्छा," तो म्हणाला, "मंग पिंपळराव न्हाईत तर. केशवराव, म्होरं या. मावशीच्या बाजूला जागा हाय."

केशवरावांना सगळ्या मोटारीदेखत उठावं लागलं. लोक पाय आखडून घेत होते आणि या केशवराव, बसा केशवराव म्हणत होते. आतापर्यंत या माणसानं साऱ्या बाजारपेठेला बायकोची गोष्ट सांगितली होती, आणि आता त्याची गोष्ट जालन्याच्या स्टँडवरून भोकरदनपर्यंत जाणार होती. तो खाली मान घालून शेजारी येऊन बसला. पहाटे सरकीच्या ट्रकवर बसून आल्तो, असं तो हळूच म्हणाला. या मोटारीत आधीच येऊन बसलो. चुकीच्या मोटारीत चढाया लागलीस, तर हाक मारावी म्हणून.

"मंग मारली काहून न्हाई?"

"तू चुकलीच न्हाईस."

मोटार गावाबाहेर पडली. द्वारकाबाईंना रडू येईल असं वाटलं, म्हणून त्यांनी गाठोड्याची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधली. बराच वेळ केशव गुडघ्यावर बोटानं टाके घातल्यासारखं करत राहिला. मग इकडेतिकडे बघून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "आणखी एकदा म्हण की."

"काय?"

"तेच. दोऱ्याचं."

"असं उगीच म्हणत नसतात," द्वारकाबाई म्हणाल्या. "वाचायचं असलं तरच."

केशवचा चेहरा उतरला. त्यानं तोंड फिरवून बाहेर पाहिलं. रस्त्याच्या कडेला, नुकताच चुना लावून रंगवलेला मैलाचा दगड येत होता, आणि त्यावर लेकीच्या गावाचं नाव चांगलं ठळक बाळबोध अक्षरांत लिहिलेलं होतं. केशवनं बायकोच्या कोपराला हळूच धक्का दिला आणि दगडाकडे बोट दाखवलं. त्या रस्त्याला मैलामैलावर दगड होता. द्वारकाबाईंनी दगडाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला.